पेलाभर धारोष्ण दूध

"जुलाब लागायच्या आधी यांनी बाहेरचं काही खाल्लं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

सावळीरामनं लगेच सुनेकडं बोट दाखवलं. "हिनं पाणीपुरी खाऊ घातली. गंगेवर, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात."

छायानं मान खाली घातली. खाटेवर तिची सासू, मालनबाई, निपचित पडली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिला ताप आला, जुलाब झाले, चार दिवसांत बरंही वाटलं. मग एका सकाळी मेथी बांधता बांधता तिला एका जुडीच्या दोन दिसू लागल्या. "माल वाढला गं आपला," ती हसून म्हणाली आणि उठायला गेली तर तोल गेला. दुसऱ्या दिवशी डोळाच उघडेना. मखमलाबादच्या मळ्यातून टेम्पोत घालून तिला नाशिकला आणलं, तेव्हा सगळा रस्ता सावळीराम सुनेवर तोंडसुख घेत होता.

"पोटात एखादा जंतू शिरला असावा," डॉक्टर म्हणाले. "त्याच्याशी लढायला शरीरानं फौज उभी केली. जंतू गेला, पण फौज काही शांत झाली नाही. आता ती चुकून यांच्याच मेंदूवर चालून गेलीय. बहुतेक बऱ्या होतील, पण वेळ लागेल. असा जंतू कोंबडीतून येतो, नाहीतर कच्च्या दुधातून. कच्चं दूध पितात का या?"

"नाय हो," छाया म्हणाली. "कोंबडी घरात शिजत नाय, अन् दूध तर मी स्वतः तापवते."

सावळीरामनं सुनेवरची नजर काढून घेतली.

दूध छायाच्या हाती पडायच्या आधी रोज गोठ्यात एक पेला भरला जायचा. दिवाळीपासून मालनबाई खंगत चालली होती. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असं सावळीरामचा बाप सांगायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात या गड्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. जत्रेतसुद्धा तो तिच्या चार पावलं पुढं चालायचा. पण पहाटे धार काढून झाली की फेसाळ पेला तिच्या हातात द्यायचा आणि ती तो संपवेपर्यंत जागचा हलायचा नाही. तिच्यावर त्याचा फार जीव होता. तो दाखवायची त्याला एवढीच रीत ठाऊक होती.

डॉक्टरांसमोर त्याची जीभ रेटली नाही. बाहेर जिन्यात मात्र तो सुनेपुढं उभा राहिला.

"पोरी, पाणीपुरीचं नाव घेतलं ते चुकलं माझं. मीच पाजत होतो तिला कच्चं दूध. रोज."

एवढा रागीट माणूस, पण सुनेपुढं चूक कबूल करत होता. छाया रागावलीच नाही.

"आई उठल्या की त्यांनाच सांगा, आबा," ती म्हणाली.

नऊ दिवस तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. मळ्याचं छायानं पाहिलं. सांगितल्यावर मालन आपलं तोंड तरी बघेल का, या एका घोरानं त्याचं जेवण तुटलं होतं.

नवव्या दिवशी मालनबाईनं डोळे उघडले. नवऱ्याला ओळखलं.

"मालन," त्याच्या तोंडून निघून गेलं. "त्या दुधानंच झालं गं हे. माझ्या हातानं झालं."

मालनबाईनं मान त्याच्याकडं वळवली. जीभ अजून जड होती.

"मला कच्चं दूध कधी आवडलंच नाय," ती सावकाश म्हणाली. "ओकारी यायची."

"मंग पीत कशाला होतीस?"

"पेला संपेस्तोवर तुम्ही समोर उभे राह्यचे ना."