पंख्याचं बटण

डॉक्टरांच्या खोलीत शिरताच कुमुदनं पंख्याचं बटण बंद केलं. “यांच्या गालाला वारा लागला की शॉक बसल्यासारखी कळ येते हो.” माझ्या या दुखण्यापायी ती अकोल्याच्या मे महिन्यातही घरात पंखा लावत नाही.

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं मेंदूतल्या सुजेमुळे वाढतं का, यावर डॉक्टरांचं संशोधन चाललं होतं. माझ्या एमआरआयशी ताडून बघायला त्यांना धडधाकट माणसाचा एमआरआय हवा होता. “माझाच काढा की,” कुमुद हसून म्हणाली होती, “माझं डोकं ठिकाणावर आहे, हे यांनाही एकदाचं कळेल.”

आज डॉक्टरांनी माझी फिल्म बाजूला ठेवली आणि तिची उजेडाला धरली. “काकू, तुमच्या मेंदूत गाठ आहे. फार वाढलीय. ऑपरेशन करता येणार नाही.”

“मग तुलनेला दुसरं कुणी बघा,” कुमुद म्हणाली. “यांचे उपचार मात्र थांबवू नका.” तिच्या कपाळावरून, मानेवरून घाम ओघळत होता.

मी उठून पंखा पाचावर लावला आणि तिच्या शेजारी बसलो. कळ आली. म्हटलं, येऊ दे.