चौघांची हजेरी

बोराडीच्या रस्त्यावर, फाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडसमोर जीप थांबली, पण तिची थरथर थांबली नाही. बॉनेटखालून ठकठक ऐकू येत होती. मागच्या दारातून निळ्या जर्सीतल्या नऊ मुली उतरल्या. शेवटी उतरलेली रेशमा तशीच लिंबाच्या झाडामागे गेली आणि ओकली.

"तिसऱ्यांदा," शाळेच्या ममताबाई म्हणाल्या.

दहा वाजले होते. दोन वाजता धुळ्याला खो-खोचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. मैदानात नऊजणी लागतात, आणि बाईंकडे नऊच होत्या. पुढची एसटी एक वाजता होती.

"इंजिन गयं, बाई," जीपचा ड्रायव्हर गोपाल म्हणाला. "काल गावात मिस्तरी आलता, तो सांगून गेला. बेअरिंग वाजतंय. सगळं खोलावं लागंल."

शेडमधून जहांगीर चाचा हात पुसत बाहेर आले. गोपालनं त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. चाचांनी कानामागे हात धरला.

"चाळीस वर्षं डिझेल इंजिनांपाशी काढली, भाऊ. कान केव्हाच रिटायर झाले. मोठ्यानं बोल."

गोपाल बाईंकडे वळून पुटपुटला, "याला मी ऐकू येत नाही. बेअरिंग काय ऐकू येणार?"

"बेअरिंग म्हणालास ना?" चाचा हसले. "तो शब्द ओठांवर लगेच कळतो. गिऱ्हाईक घाबरलं की तोच म्हणतं. इंजिन चालू राहू दे."

त्यांनी बॉनेट उघडलं. मग आतून तांब्याचा पेला आणला आणि माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला. जुन्या फडक्याची चुंबळ करून मडगार्डवर ठेवली, तिच्यात पेला बसवला. पाणी उकळल्यासारखं थरथरू लागलं. झाडाखाली तोंड धुऊन बसलेल्या रेशमाला त्यांनी बोटानं बोलावलं.

"हिला नको, चाचा," बाई म्हणाल्या. "तिला गाडी लागते."

"म्हणून तर हीच पाहिजे. हिच्या पोटाला धक्के सगळ्यांच्या आधी कळतात." चाचांनी तिला हातभर अंतरावर उभं केलं. "या इंजिनात चार सिलेंडर आहेत. चार पोरं समज. कोण काम करतं, कोण नुसतं बसून राहतं, ते बघायचं. मी एकेकाचं डिझेल तोडतो. काम करणाऱ्याचं तोडलं तर गाडी जास्त हलेल, पाणी सांडेल. तू फक्त पाण्याकडे बघ आणि मला खुणेनं सांग."

"म्हंजे हजेरी?" रेशमानं विचारलं. चाचांना ते ऐकू आलं नाही, पण बाईंना आलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

चाचांनी पहिल्या पाईपच्या नटाभोवती चिंधी धरली आणि पान्यानं नट जरासा सैल केला. जीप खोकल्यासारखी हलली. पेल्यातलं पाणी काठावरून ओघळलं.

"हजर!" आठ मुली एकदम ओरडल्या. रेशमानं हात वर केला. चाचांनी नट आवळला.

दुसरा. पुन्हा पाणी ओघळलं. "हजर!"

तिसरा. चाचांनी नट सैल केला, आणखी जरासा केला. मुली तोंड उघडून थांबल्या. रेशमा पेल्यावर वाकली. तिनं मान हलवली.

"पानी तसंच शे."

चौथाही हजर निघाला. चाचा पुन्हा तिसऱ्यापाशी आले आणि त्यावर पाना टेकवला.

"हा बघ. पटावर नाव आहे, बाकावर बसलाय, पण पाटी कोरी. बाकीचे तिघं याचं ओझं ओढतात, म्हणून तुला मळमळतं."

इंजिन बंद करून त्यांनी तिसऱ्याचं नोझल बाहेर काढलं. टोक काजळीनं काळं झालं होतं. "यानं डिझेल फवारायचं, तर हा नुसता थेंब थेंब गाळतो. ते भलत्या वेळी पेटतं, म्हणून ठकठक." त्यांनी पत्र्याच्या डब्यातून तपासून ठेवलेलं दुसरं नोझल काढलं. ते बसवायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मुलींनी गोपालला सावलीत बसवून खो घ्यायला शिकवलं. तो दोनदा पडला.

जीप सुरू झाली. तिनं दोनदा पांढरा धूर सोडला आणि मग ती एका सुरात चालू लागली. चाचांनी पेला पुन्हा भरून चुंबळीवर ठेवला. पाण्यावर आता फक्त बारीक वर्तुळं उमटत होती.

"आणि बेअरिंग?" गोपालनं मोठ्यानं विचारलं.

"ते बिचारं पहिल्यापासून गप्प होतं."

चाचांनी तो भरलेला पेला रेशमाच्या हातात दिला. "तू पुढं बस. पाणी सांडायला लागलं, की गाडी थांबवायची. हा नाही म्हणाला तरी."

दिवेलागणीला जीप परत आली. गोपाल हॉर्न वाजवत होता, मुली खिडक्यांतून करंडक नाचवत ओरडत होत्या. चाचा पाठमोरे बसून पाने पुसत होते. समोर दोन हातांत धरलेला पेला आला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"मॅचच्या आधी पिऊन टाकलं," रेशमा मोठ्यानं म्हणाली. "हे धुळ्याचं शे. भरून आणलं."

"उलटी?"

तिनं अंगठा हलवला. एकही नाही.

चाचांनी पेला कंदिलाजवळ नेला आणि कडेच्या आतून बोट फिरवलं.

"बोटभर कमी आहे."

रेशमानं वळून ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं. "गोपालभाऊनी कचकन ब्रेक मारला ना!"

चाचांनी उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"गोपाल," ते म्हणाले, "उद्या जीप ब्रेक दाखवायला आण. आणि हिला घेऊन ये."