शेजाऱ्याची भवानी

इस्तंबूलच्या जुन्या बाजारात रीतच आहे, आपली भवानी झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवायचं. पण जेवातची कुठली भवानी! आजही काही खपलं नाही तर उद्यापासून दुकान बंद, असं तो बायकोला सांगूनच निघाला होता. आणि दुपारी एक परदेशी बाई त्याच्या रंगीत काचेच्या दिव्यावर अगदी भाळलीच की! तेवढ्यात त्याची नजर समोरच्या दिव्यांच्या दुकानात गेली. हायरीदादाही सकाळपासून माश्या मारत बसलेला, चेहरा पार उतरलेला.

"ताई, माझी भवानी झालीये. असाच दिवा समोर मिळेल बघा," जेवात बोलून गेला.

संध्याकाळी जेवात दुकानाला शेवटचं कुलूप लावत होता, तेवढ्यात हायरीदादा चहाचे दोन पेले घेऊन हसत हसत आला.



"काय लेका, ती बाई मी परत तुझ्याकडेच धाडली होती ना, कुठला दिवा नेला रे तिनं?"