चौथा चहा

तिसरा चहा पिऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तोच मार्थाने विचारलं, “आज चहा नाही का?” वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पुन्हा स्टो पेटवला. रेशनच्या रांगेत तासभर उभं राहून आणलेलं रॉकेल असंच संपायचं. “आता हे वाढतच जाणार, काका,” वाकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी ही माझी बायको माझंच नाव विसरली. तेव्हापासून मी देवाकडे काही मागितलं नाही आणि तिच्या प्रार्थनेला आमेनही म्हटलं नाही. मी चहा आणि सकाळचा पाव तिच्यापुढे ठेवला. तिने पाव दाबून बघितला, नाकाशी नेला आणि हसली. मग डोळे मिटले. “प्रभू, गरम चहासाठी तुझे उपकार मानते. मऊ पावासाठी उपकार मानते.” हे मला पाठ होतं, पण आज ती तिथे थांबली नाही. “आणि प्रभू, हा माणूस फार भला आहे. सकाळपासून माझं करतोय. थकलाय बिचारा. त्याची बायको घरी वाट बघत असेल. त्याला लवकर तिच्याकडे पोचव.” ती डोळे मिटूनच बसली. कुणीतरी आमेन म्हणायला हवं होतं. विझलेल्या स्टोची चावी मी उगाच फिरवत राहिलो. “आमेन,” मी म्हणालो. तिने पावाचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला. “हा तिच्यासाठी घेऊन जा.” मी तो चहात बुडवला आणि तिला भरवला.