मंगळवारची काळजी

वर्नाने माशाचं ताट पुढे सरकवलं आणि समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा निरखला. कपाळावर एकही आठी नव्हती.

विस्कॉन्सिनमधल्या त्या चर्चच्या तळघरात शनिवारची पंगत बसली होती. क्षारात भिजवलेला कॉड मासा, वितळलेलं लोणी, उकडलेले बटाटे. मंगळवारी मतदान होतं. प्रचाराचे बिल्ले दारातल्या टोपलीत काढून ठेवायचे, हा पास्टरबाईंचा नियम. वर्ना शेजारच्या काउंटीतून आली होती. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं.

तिची मुलगी इंग्रिड काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभी होती. मागच्या पराभवानंतर इंग्रिड हिवाळाभर खोलीबाहेर आली नव्हती. पुन्हा हरली तर ती सावरेल, याची वर्नाला खात्री नव्हती. राष्ट्राध्यक्षांचा पक्ष कारकिर्दीच्या मध्यावरच्या निवडणुकीत मार खातो, हे ती आयुष्यभर पाहत आली होती. यंदाचं वारं तिला स्वतः जोखायचं होतं.

“राष्ट्राध्यक्षांचं कसं काय वाटतंय?” तिने सहज विचारलं.

“झकास!” म्हातारा ऑर्विल म्हणाला. “आपलाच माणूस. दुधाला भाव आहे, नातू कामाला लागलाय. तक्रार कसली करू?”

“दोन वर्षांपूर्वी बघायला हवं होतं तुम्ही यांना,” त्याची बायको लव्हॉन म्हणाली. “टीव्हीवर सपाता फेकायचे. रक्तदाब असा चढायचा!”

“तेव्हा ते दुसऱ्या पक्षाचे बसले होते ना खुर्चीत.”

“आणि आता बातम्या लागल्या की घोरतात.”

हशा पिकला. “आमच्याकडेही तेच,” शेजारची बाई म्हणाली. वर्नाच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. तिने ऑर्विलला आणखी बटाटे वाढले.

“म्हणजे मंगळवारची काळजी नाही?”

“कशाला? सगळं सुरळीत चाललंय. लोणी द्या बरं इकडे.”

“मतदानाला गर्दी असेल.”

“असेल की. मी पहाटेपासून मचाणावर, धनुष्य घेऊन. हरणं काय माझ्यासाठी थांबणार आहेत?”

“मला तरी कोण नेणार मग?” लव्हॉन म्हणाली. “मी आपली घरी सफरचंदाचा पाय भाजत बसेन.”

गाडीत बसल्यावर वर्नाने मुलीला फोन लावला. कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज मोकळा निघाला.

“बाळा, शांत झोप. तू जिंकतेयस. राष्ट्राध्यक्षांची माणसं इतकी खूश आहेत, की तुझ्याविरुद्ध मत द्यायला कुणी घराबाहेरच पडणार नाही.”