नऊशे एक्क्याण्णवचा भाग

बाकी शून्य आली. शालूबाईंनी पदरानं पाटी पुसली आणि भागाकार नव्यानं मांडला. शेवटचा सात खाली घेतला, वजाबाकी केली. पुन्हा शून्य.

समोर बाजेवर सोनाजी मास्तर कान देऊन बसले होते. निजामाच्या अमलात जवळा बाजारच्या शाळेत त्यांनी सारी उमर गणित शिकवलं. नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार सत्तावीस हा त्यांचा लाडका आकडा. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच तिला भाग जायचा नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. लहानापासून एकेक मूळ संख्या घेऊन ते भाग देत चालले होते. निम्म्यात आले, आणि डोळे गेले.

मग मास्तर भिंतीकडं तोंड करून निजायला लागले. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. एका सकाळी शालूबाई पाटी घेऊन नवऱ्याजवळ बसल्या.

"मला शिकवा. तुमचा आकडा मी पुरा करते."

त्यांना एकचा आकडासुद्धा लिहिता येत नव्हता. मास्तरांनी चाचपडत त्यांचा हात धरला आणि पाटीवर एक गिरवून घेतला. हळूहळू पाढे आले, वजाबाकी आली, भागाकार आला. "उरलं का काही?" मास्तर रोज विचारायचे. "उरलं," ऐकलं की पोटभर जेवायचे.

आज नऊशे एक्क्याण्णवची पाळी होती. त्याच्या पुढच्या मूळ संख्येचा वर्गच ह्या आकड्याहून मोठा, म्हणून पुढं तपासायची गरजच नव्हती. आज आकडा सिद्ध होतो, असं मास्तरांनी शेजारच्या किसनरावांना सांगूनही ठेवलं होतं.

"शालू, उरलं ना?"

नुसतं 'उरलं' म्हटलं असतं, तरी मास्तर सुखात राहिले असते. पाटी वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. मास्तर पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवतील, ही शालूबाईंना धास्ती. पण त्या आकड्याबद्दल खोटं बोलायला जीभ रेटेना.

"न्हाई उरलं. बराबर भाग गेला. वर नऊशे सत्त्याण्णव आलं."

मास्तरांचे ओठ हलू लागले. त्यांनी तोंडी गुणाकार करून पाहिला. आणि एकदम मोठ्यानं हसले.

"अगं, जन्मभर मी ज्याला फुटत नाही म्हणत होतो, तो तू फोडलास! अन् केवढा चिवट बघ. अगदी शेवटच्या भागापर्यंत कुणाला दाद दिली नाही!" त्यांनी अंदाजानं हात पुढं केला. "ठेव आता पाटी. माझ्यापायी लई तकलीफ सोसलीस."

शालूबाईंचं लक्ष नव्हतं. लेखणी पाटीवर केव्हाच चालू झाली होती.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "ह्यो नऊशे सत्त्याण्णव फुटतो का, ते बघून राहिले."