अठ्ठेचाळीस किलोची स्प्रिंग

"काका, नवरदेवाचं वजन सोन्यासकट सांगायचं की सोन्याशिवाय?"

मैत्रिणींनी डेअर दिलं होतं, म्हणून समृद्धीने कळव्याच्या स्पेअरपार्टवाल्याला भर दुकानात विचारलंच. सर्वेशदादाला स्वतःच्या हळदीत चार चाकांच्या क्वाडबाईकवरून एन्ट्री मारायची होती. पण सरावातच त्याने ती मांडवाच्या खांबावर घातली आणि पुढचे दोन्ही शॉकअप मोडून ठेवले.

"गप गं बाय!" पप्पा खेकसले. "भाऊ, तुम्ही लालवाले द्या. हळदीच्या बॅनरला मॅच झाले पायजेत."

"रंगाचं मागाहून बघू, शेठ. शॉकअपची स्प्रिंग वजनावर ठरते. म्हणून तर विचारलं, चालवणारा किती किलोचा?"

"सत्तर लिवा," मम्मी म्हणाली. "लग्नाच्या धावपळीत वाळलाय माझा पोर."

वाकडा झालेला खांब समृद्धीच्या डोळ्यांसमोर आला. तिने दुकानदाराच्या हातातला पेन घेतला आणि त्याच्या वहीत ठसठशीत 'अठ्ठेचाळीस' लिहिलं.

"हा कोनाचा वजन?" पप्पांनी विचारलं.

"माझं. मम्मी-पप्पा, माझं ठरलंय. शेतात ती गाडी रोज मीच पळवते, हळदीलाही मीच चालवणार. सीट एकच आहे. नवरदेव येईल मागून नाचत."